क्रीडांगणातील कामगार : बिल रसेल यांची कारकीर्द

(चौमूं, जिल्हा जयपूर, येथे तरुण कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आजच्या अभ्यासवर्गासाठी निवडलेला विषय प्रथमदर्शनी आपल्या नेहमीच्या विषयांहून दूरचा वाटेल. जयपूर-सीकर रस्त्यावरील या गावात शेतमालाचा भाव, कर्जमाफी आणि विजेचे दर यांवर सभा होतात. २०१७ च्या सप्टेंबरात सीकर जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी कर्जमाफीसाठी जो लढा दिला, त्याची आठवण येथे ताजी आहे. चौमूं ज्या सीकर लोकसभा मतदारसंघात मोडते, त्या मतदारसंघाने २०२४ साली अमराराम यांना, म्हणजे किसान चळवळीतून घडलेल्या एका कम्युनिस्ट कार्यकर्त्याला, संसदेत पाठवले. अशा ठिकाणी अमेरिकेतल्या एका बास्केटबॉल खेळाडूची कथा कशासाठी सांगावयाची?

याचे कारण असे की आपल्यासमोर बसलेल्या तरुणांपैकी अनेकजण संध्याकाळी मैदानावर जातात. पोलीस, सैन्य किंवा रेल्वेच्या भरतीसाठी धावतात, कबड्डी आणि व्हॉलीबॉल खेळतात. खेळ ही त्यांच्या दृष्टीने करमणूक आहे, तशीच ती नोकरीची आशाही आहे. आणि भांडवलशाही वृत्तपत्रांनी त्यांच्या मनावर असे बिंबवले आहे की खेळाडू हा राजकारणाच्या पलीकडचा, वर्गाच्या पलीकडचा, केवळ स्वतःच्या गुणांवर मोठा झालेला माणूस असतो. ही समजूत किती पोकळ आहे हे बिल रसेल यांच्या आयुष्याइतके स्पष्टपणे फार थोडी चरित्रे दाखवतात.

गिरणीतून गोदीकडे

विल्यम फेल्टन रसेल यांचा जन्म १२ फेब्रुवारी १९३४ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुईझियाना राज्यात, मन्रो परिसरात झाला. वडील चार्ल्स कागदी पिशव्यांच्या कारखान्यात मजुरी करीत. कापसाच्या मळ्यांवरील गुलामगिरी कायद्याने १८६५ साली संपली होती. परंतु जमीन, न्यायालय, मतपेटी आणि पोलिसांची काठी ही सारी साधने गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्याच हाती राहिली होती. काळ्या माणसासाठी शाळा वेगळी, आगगाडीतील डबा वेगळा, पाण्याचा नळदेखील वेगळा. ज्याने अस्पृश्यता पाहिली आहे अशा देशातील माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने या कुटुंबाची वाट बदलली. युद्धसाहित्याच्या उत्पादनासाठी पश्चिम किनाऱ्यावरील गोद्यांना हात हवे होते. दक्षिणेतील लक्षावधी काळे शेतमजूर आणि कारखाना-कामगार या काळात उत्तरेकडे व पश्चिमेकडे गेले. रसेल कुटुंब कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे आले, ते या लोंढ्याबरोबरच. म्हणजे ज्या माणसाच्या यशाचे वर्णन पुढे एका व्यक्तीची असामान्य भरारी असे केले गेले, त्याच्या यशाची पहिली पायरी एका संपूर्ण श्रमिक समूहाच्या स्थलांतराने घातली होती. मुलगा बारा वर्षांचा असताना आई केटी वारली. वडिलांनी पुन्हा मजुरी करून दोन्ही मुलांना वाढवले.

शाळेत असताना बिल रसेल फारसा चांगला खेळाडू मानला जात नव्हता. हात-पाय लांब, हालचाल बोजड. संघातून तो जवळजवळ वगळलाच गेला होता. जॉर्ज पोल्स नावाच्या शिक्षकाने त्याला ठेवून घेतले. महाविद्यालयाची शिष्यवृत्ती देऊ करणारी संस्था एकच निघाली, सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ. त्या विद्यापीठाच्या संघाने १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली व सलग ५५ सामने जिंकले. रसेल यांच्यासारख्या ६ फूट १० इंच उंचीच्या आणि विलक्षण चपळ खेळाडूला आवर घालण्यासाठी महाविद्यालयीन खेळाचे नियमच बदलण्यात आले. बास्केटखालील पट्ट्याची रुंदी ६ फुटांवरून १२ फूट करण्यात आली.

ज्या कामाची नोंद होत नाही

येथे खेळासंबंधी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण या माणसाचे वैशिष्ट्य त्याशिवाय कळणार नाही.

बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी तयार केला. त्यात उंच खेळाडूला बास्केटजवळ उभे करतात. त्याला सेंटर म्हणतात. रसेल यांच्या पूर्वी सेंटरचे काम म्हणजे चेंडू मिळवून तो बास्केटमध्ये टाकणे. गुण मोजले जातात, गुण करणाऱ्याचे नाव छापले जाते आणि त्याची किंमत वाढते. रसेल यांनी आपले मुख्य काम वेगळे ठरवले. प्रतिस्पर्ध्याचा फेकलेला चेंडू हवेत अडवायचा. मात्र तो प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घ्यायच्या नाहीत, तर हलकेच आपल्या साथीदाराकडे वळवायचा. फळ्यावर आपटून परतलेला चेंडू पकडायचा आणि क्षणार्धात पुढे धावणाऱ्या खेळाडूकडे पाठवायचा. चढाईची सुरुवात अशा रीतीने बचावातून होऊ लागली.

आता हिशेबाची वही पाहा. १९५६ ते १९६९ या १३ हंगामांत रसेल यांनी ९६३ सामने खेळून २१,६२० रिबाउंड मिळवले. ५ फेब्रुवारी १९६० रोजी एकाच सामन्यात ५१ मिळवले. हे आकडे उपलब्ध आहेत. परंतु त्यांनी किती चेंडू अडवले याचा अधिकृत आकडा कोठेही नाही. कारण अडवलेल्या चेंडूंची नोंद त्या लीगने १९७३-७४ च्या हंगामापासून ठेवावयास सुरुवात केली. ज्या कामाने त्यांनी खेळाचे स्वरूप पालटले, तेच काम मालकांच्या खतावणीत नव्हते. घरात राबणाऱ्या स्त्रीच्या, शेतावर मदत करणाऱ्या मुलाच्या, यंत्राची निगा राखणाऱ्या कामगाराच्या श्रमांचे असेच होते. उत्पादन त्या श्रमांवर उभे असते. वहीत मात्र ते दिसत नाहीत.

याच संदर्भात आणखी एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. सर्वोत्कृष्ट खेळाडूचा किताब त्या काळी खेळाडूंच्याच मतदानाने ठरे. रसेल यांना तो पाच वेळा मिळाला: १९५८, १९६१, १९६२, १९६३ आणि १९६५. वर्षातील सर्वोत्तम पाच जणांचा संघ मात्र पत्रकार निवडीत. १९५८, १९६१ आणि १९६२ या तिन्ही वर्षी पत्रकारांनी त्यांना दुसऱ्या संघात टाकले! मैदानावर सोबत घाम गाळणाऱ्यांच्या मते जो सर्वश्रेष्ठ, तो गॅलरीत बसून लिहिणाऱ्यांच्या मते दुय्यम. श्रमाची किंमत श्रम करणाराच जाणतो, याचे दुसरे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

खरेदी-विक्री आणि विजय

१९५६ साली बोस्टनच्या सेल्टिक्स संघाने रसेल यांना सेंट लुईसच्या मालकाकडून दोन खेळाडूंच्या मोबदल्यात घेतले. त्या व्यवस्थेत खेळाडूला आपला संघ निवडण्याचा अधिकार नव्हता. ज्या मालकाकडे त्याचे नाव गेले, त्याच्याकडेच त्याने खेळावयाचे किंवा खेळ सोडावयाचा. कराराची मुदत संपली तरी ही बेडी सुटत नसे.

बोस्टनला जाण्यापूर्वी ते मेलबोर्न ऑलिंपिकमध्ये खेळले. अंतिम सामन्यात अमेरिकेने सोव्हिएत संघाचा ८९-५५ असा पराभव केला. सोव्हिएत बाजूला यानिस क्रुमिन्श हे २१८ सेंटिमीटर उंचीचे लाटव्हियन खेळाडू होते. प्रशिक्षक अलेक्सांद्र गोमेल्स्की यांच्या नजरेस पडण्यापूर्वी ते जंगलात लाकूडतोडीचे काम करीत होते. एकीकडे कारखान्यातील मजुराचा मुलगा आणि दुसरीकडे लाकूडतोड्या. शीतयुद्धाच्या प्रचारकांनी त्यांना दोन शिबिरांची प्रतीके बनवले, परंतु दोघेही कष्टकऱ्यांच्या घरातूनच आले होते. क्रुमिन्श यांच्या रिगा येथील सैन्यसंघाने १९५८ ते १९६० असे लागोपाठ तीन युरोपीय चषक जिंकले.

बोस्टनमध्ये रसेल १३ हंगाम खेळले आणि त्यांपैकी ११ हंगामांत त्यांचा संघ विजेता ठरला. १९५९ ते १९६६ अशी सलग आठ वर्षे. शेवटचे विजेतेपद मे १९६९ मधील. सातवा व निर्णायक सामना लॉस एंजेलिस येथे होता. तेथील मालकाने विजयोत्सवासाठी छतापाशी हजारो फुगे आधीच बांधून ठेवले होते. बोस्टनने सामना १०८-१०६ असा जिंकला. फुगे छतालाच राहिले. रसेल त्या वेळी खेळाडू आणि प्रशिक्षक या दोन्ही भूमिका पार पाडत होते. १९६६ साली त्यांची प्रशिक्षकपदी नेमणूक झाली, तेव्हा ते त्या लीगमधील पहिले काळे मुख्य प्रशिक्षक ठरले. त्यापूर्वी, २६ डिसेंबर १९६४ रोजी, त्यांच्या संघाने लीगच्या इतिहासात प्रथमच पाच काळ्या खेळाडूंनिशी सामना सुरू केला होता.

आणि तरीही बोस्टनमधील सभागृहाच्या खुर्च्या अनेकदा रिकाम्या राहत. रेडिंग या उपनगरातील रसेल यांच्या घरात शिरून गुंडांनी नासधूस केली, भिंतींवर शिव्या लिहिल्या, बिछान्यात घाण टाकली. केंद्रीय गुप्त पोलीस खात्याने त्यांच्या नावाची फाइल ठेवली होती. ज्या शहराला त्यांनी अकरा वेळा विजयी केले, त्या शहराने त्यांना शेजारी म्हणून स्वीकारले नाही. संघात ऐक्य होते, समाजात नव्हते. केवळ गुणवत्तेने वंशद्वेष संपतो, असे सांगणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर कोणते?

लेक्सिंग्टनची कॉफी, पुण्याचा चहा

ऑक्टोबर १९६१ मध्ये केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे एक प्रदर्शनीय सामना होता. हॉटेलच्या उपाहारगृहात सॅम जोन्स आणि टॉम सँडर्स या खेळाडूंना, ते काळे म्हणून, खाणे देण्यास नकार मिळाला. रसेल आणि संघातील इतर काळ्या खेळाडूंनी सामना न खेळता परतीचे विमान पकडले. प्रतिस्पर्धी संघातील दोघा काळ्या खेळाडूंनीही खेळण्यास नकार दिला. गोरे खेळाडू मात्र त्या रात्री खेळले. ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. कामगारांतील फूट मालकांच्या कशी उपयोगी पडते, हे त्यातून दिसते.

महाराष्ट्रातील वाचकांना येथे पाळवणकर बंधूंची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पाळवणकर हे या शतकापूर्वीच्या हिंदी क्रिकेटचे सर्वश्रेष्ठ फिरकी गोलंदाज. पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यात सराव-गोलंदाज म्हणून ते तुटपुंज्या पगारावर राबले. पुढे हिंदूंच्या संघाला त्यांची गरज पडली. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांना चालला, परंतु चहा त्यांना मंडपाबाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्यांना कधी लाभले नाही. १९२० साली अन्याय असह्य झाला तेव्हा विठ्ठल व शिवराम या त्यांच्या भावांनी संघातून माघार घेतली. १९२३ साली विठ्ठल पाळवणकर हिंदूंच्या संघाचे कर्णधार झाले. आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जे घडले, त्याने पाण्याचा प्रश्न मैदानातून उचलून संपूर्ण समाजापुढे ठेवला.

रसेल यांचा मार्गही तसाच मैदानाबाहेर गेला. १९६३ साली बोस्टनमधील शाळांतील विभाजनाविरुद्ध विद्यार्थ्यांनी वर्गावर बहिष्कार टाकला, तेव्हा ते त्या मुलांशी बोलावयास गेले. त्याच वर्षी २८ ऑगस्टच्या वॉशिंग्टन मोर्चात ते हजर होते. नोकऱ्या आणि स्वातंत्र्य ही त्या मोर्चाची जोडमागणी होती, हे आज सोयीस्करपणे विसरले जाते. मेडगर एव्हर्स यांच्या हत्येनंतर त्यांच्या भावाच्या विनंतीवरून रसेल मिसिसिपीत गेले आणि तेथे काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र खेळ शिकवला. जीवाला धोका होता. ४ जून १९६७ रोजी क्लीव्हलंड येथे, व्हिएतनाम युद्धात भरती होण्यास नकार देणाऱ्या मुहम्मद अली यांच्या पाठीशी जे खेळाडू उघडपणे बसले, त्यांत रसेल होते. पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने गाजलेला वीस वर्षांचा एक विद्यार्थी-खेळाडूही त्यांच्या शेजारी होता.

ऑल-स्टार सामन्याची रात्र

परंतु पक्ष-कार्यकर्त्यांच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद प्रसंग १४ जानेवारी १९६४ चा आहे.

लीगमधील खेळाडूंनी १९५४ साली बॉब कूझी यांच्या पुढाकाराने संघटना स्थापन केली होती. दहा वर्षे मालकांनी तिला टोलवले. खेळाडूंच्या मागण्या साध्या होत्या: म्हातारपणी पेन्शन, प्रत्येक संघाला दुखापतीवर उपचार करणारा पूर्णवेळ माणूस, आणि संघटनेशी बोलणी. त्या दिवशी बोस्टनमध्ये लीगमधील निवडक खेळाडूंचा सामना होता आणि तो संध्याकाळच्या मोक्याच्या वेळी देशभर दूरचित्रवाणीवर दाखवला जाणार होता. संघटनेचे अध्यक्ष टॉम हाइनसोन, रसेल, ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट, एल्जिन बेलर, विल्ट चेंबरलेन हे सर्व नामवंत कपडे बदलण्याच्या खोलीत जमले आणि त्यांनी कळवले की पेन्शनचे आश्वासन मिळाल्याखेरीज मैदानावर पाय ठेवणार नाही.

सामन्याची वेळ जवळ आली. दूरचित्रवाणी कंपनी बिथरली. लॉस एंजेलिसच्या मालकाने आपल्या दोन खेळाडूंना धमकीचा निरोप पाठवला. बेलर यांनी त्याला असे झणझणीत उत्तर पाठवले की ते छापण्याची सोय नाही! अखेर लीगचे अध्यक्ष वॉल्टर केनेडी दारात आले आणि त्यांनी मागणी मान्य झाल्याची हमी दिली. सामना उशिराने सुरू झाला.

या घटनेचे वर्गीय महत्त्व नीट समजून घेतले पाहिजे. पहिली गोष्ट : हत्यार योग्य वेळी उपसले गेले. मालकाचा नफा ज्या क्षणी सर्वांत नाजूक होता, त्याच क्षणी काम थांबले. दुसरी : पुढे उभे राहिले ते सर्वांत अधिक पगार घेणारे खेळाडू. त्यांना स्वतःला पेन्शनची गरज सर्वांत कमी होती. ते लढले ते बाकावर बसणाऱ्या, दुखापतीने तिशीत निकामी होणाऱ्या साथीदारांसाठी. तिसरी : सव्वादोन वर्षांपूर्वी लेक्सिंग्टनमध्ये जे ऐक्य झाले नव्हते, ते आर्थिक मागणीभोवती काळ्या-गोऱ्यांचे ऐक्य येथे झाले. आणि हा लढा तेथेच थांबला नाही. १९७० साली रॉबर्टसन यांच्या नावाने दाखल झालेल्या खटल्यातून १९७६ मध्ये जी तडजोड झाली, तिने खेळाडूला एकाच मालकाशी जखडणारी बेडी सैल केली.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत

साथींनो, व्यक्तिपूजा हे आपले काम नव्हे. रसेल समाजवादी नव्हते, आणि त्यांना तसे रंगवणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. चेंबरलेन यांना वर्षाला एक लाख डॉलर मिळाले तेव्हा रसेल यांनी एक लाख एक डॉलरचा करार घेतला. यात स्वाभिमान होता, तशी बाजारातील चढाओढही होती. अमेरिकन परराष्ट्र खात्याने त्यांना १९५९ साली आफ्रिकेत आणि १९६४ साली पोलंड, रुमानिया, युगोस्लाव्हिया व इजिप्त या देशांत सदिच्छादूत म्हणून फिरवले. मायदेशी उपाहारगृहातून हाकलला जाणारा माणूस परदेशी लोकशाहीची जाहिरात म्हणून वापरला गेला. लायबेरियाविषयी त्यांना मनापासून ओढ होती. परंतु ती त्यांनी व्यक्त केली ती तेथील रबराच्या मळ्यात पैसे गुंतवून. त्याच देशात फायरस्टोन कंपनीने १९२६ साली दहा लाख एकर जमिनीचा ९९ वर्षांचा पट्टा मिळवलेला होता. वंशद्वेषाविरुद्ध ठाम उभा राहिलेला माणूसही भांडवलाच्या चौकटीबाहेर पाहू शकेलच असे नाही. ती दृष्टी संघटित चळवळीतूनच येते.

तरीही त्यांचा कणा वाकला नाही. १९७२ साली त्यांच्या ६ क्रमांकाच्या जर्सीचा सन्मान करण्याचे ठरले, तेव्हा त्यांच्या आग्रहावरून तो समारंभ प्रेक्षकांविना, केवळ सहकाऱ्यांसमक्ष झाला. १९७५ साली खेळाच्या गौरव-सभागृहात त्यांची निवड झाली. ते समारंभास गेले नाहीत. आपल्या आधी हा मान काळ्या खेळाडूंच्या पहिल्या पिढीला मिळावयास हवा होता, अशी त्यांची धारणा होती. त्या पिढीतील चक कूपर यांची निवड झाल्यावरच, २०१९ साली, त्यांनी गौरव-सभागृहाची अंगठी स्वीकारली. २०११ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्यांना देशाचे सर्वोच्च नागरी पदक दिले. २०१७ साली पोलिसी अत्याचारांविरुद्ध गुडघा टेकणाऱ्या खेळाडूंवर राष्ट्राध्यक्ष ट्रंप तुटून पडले, तेव्हा ८३ वर्षांच्या रसेल यांनी तेच पदक गळ्यात घालून गुडघा टेकला. ३१ जुलै २०२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर लीगने ६ हा क्रमांक सर्वच संघांसाठी कायमचा राखून ठेवला. जिवंतपणी ज्याला घरात सुखाने राहू दिले नाही, त्याला मृत्यूनंतर देव्हाऱ्यात बसवणे ही सत्ताधारी वर्गाची जुनी रीत आहे. बंडखोराची मूर्ती होते आणि त्याचे बंड विसरले जाते.

आपल्यापुढील कार्य

आपल्या देशातही बास्केटबॉलची परंपरा कष्टकऱ्यांच्या वस्त्यांशी जोडलेली आहे. १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळवणारे गुलाम अब्बास मुंतसिर मुंबईच्या नागपाड्यात, दाट श्रमिक वस्तीत घडले. १९६७ साली तोच पुरस्कार मिळवणारे खुशीराम सैन्यदलाच्या संघातून पुढे आले आणि नंतर याच राजस्थानातील कोटा येथे एका कारखान्याच्या संघाशी त्यांचे नाव जोडले गेले. सैन्य, रेल्वे, पोलीस आणि कारखाने यांनी नोकरी दिली म्हणून हे खेळाडू खेळू शकले. स्थिर नोकरी आणि मोकळे मैदान, या दोन आधारांवर खेळ उभा राहतो.

आज हे दोन्ही आधार हलत आहेत. १ जानेवारी २००४ पासून सैन्यदले वगळता केंद्र सरकारच्या नोकरीत नव्याने येणाऱ्यांची निश्चित पेन्शन बंद झाली. म्हणजे बोस्टनच्या खेळाडूंनी १९६४ साली जे मिळवले, ते येथील कर्मचाऱ्यांकडून काढून घेण्यात आले. मोटारसायकलवरून घरोघर माल पोचवणाऱ्या तरुणांसाठी राजस्थान विधानसभेने २०२३ साली नोंदणी व कल्याणाचा कायदा केला, तो देशातील अशा प्रकारचा पहिला कायदा. परंतु कायद्याचा कागद आणि हातात पडणारा हक्क यांच्यामधील अंतर संघटनाच तोडू शकते.

म्हणून चौमूंसारख्या गावांतील युवक-कार्यकर्त्यांपुढे कामे स्पष्ट आहेत. गावाची आणि शाळेची मैदाने बिल्डरांच्या हाती जाऊ देऊ नयेत. मैदानावर जातीनिहाय गट आणि जातीनिहाय पाण्याची भांडी चालू देऊ नयेत. संघ एक तर माठ एक. मुलींच्या खेळासाठी वेळ आणि जागा राखून ठेवावी. भरतीची वाट पाहणाऱ्या तरुणांना एकटे न सोडता त्यांच्या प्रश्नावर संघटित करावे. आणि कंत्राटी खेळाडू, कंत्राटी प्रशिक्षक, मैदानावर राबणारा माळी या सर्वांना कामगार म्हणून आपल्या संघटनांत स्थान द्यावे.

रसेल यांची सर्वांत मोठी शिकवण त्यांच्या खेळातच आहे. हवेत अडवलेला चेंडू त्यांनी टाळ्यांसाठी भिरकावला नाही. तो साथीदाराच्या हाती दिला आणि तेथून चढाई सुरू झाली. आपणही आज अनेक आघाड्यांवर बचावाच्या पवित्र्यात आहोत. बचाव म्हणजे माघार नव्हे. प्रत्येक अडवलेला हल्ला संघटनेच्या हाती सोपवला, तर त्याच जागेवरून पुढचे पाऊल पडते.